अर्थशास्त्राच्या उंबरठ्यावर

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त नाशिक येथे झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील व्याख्यान)



ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना व्याख्यानासाठी माझी आठवण व्हावी, हा मी माझा बहुमान समजतो. निमंत्रण द्यायला विश्वस्त घरी आले तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि आजचा विषय त्या गोष्टीतूनच निघाला आहे. ट्रस्टकडे दरवर्षी उच्च शिक्षणाच्या साहाय्यासाठी जे अर्ज येतात, त्यांत वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि सी. ए. या तीन वाटांचेच अर्ज बहुसंख्य असतात. यंदा मात्र प्रथमच तीन अर्ज निव्वळ अर्थशास्त्रासाठी आले. विश्वस्तांपुढे प्रश्न पडला. "सर, मुले हुशार आहेत, साहाय्य द्यायला आमची ना नाही, पण हे शिकून पुढे होते काय, आणि होण्यासाठी लागते काय, हे एकदा आम्हालाही समजावून सांगा," असे ते म्हणाले. प्रश्न अतिशय रास्त आहे. समाजाचा पैसा खर्च करणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे.

मी नाशिकमध्ये अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवले. या काळात जो प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागला, तो पाठ्यपुस्तकात कोठेही नाही. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून कोणी तरी विचारी, "सर, नोटा तर आपल्या नाशिकरोडलाच छापतात. मग जरा जास्त छापून गरिबांना का वाटत नाहीत?" वर्ग हसे. मी मात्र त्या मुलाला उभे करून सांगे की, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. पण किती छापायच्या हे मुद्रणालय ठरवीत नाही. ते रिझर्व्ह बँक सरकारशी विचारविनिमय करून ठरवते, आणि ती संख्या ठरविणाऱ्यांत अर्थशास्त्राचे अभ्यासक बसलेले असतात. बाजारातले धान्य, कापड, कांदे होते तेवढेच राहिले आणि नोटा दुप्पट झाल्या, तर त्याच कांद्याला जास्त नोटा मोजाव्या लागतील, एवढे कोणीही सांगेल. पण किती जास्त, किती दिवसांनी, आणि त्यात आधी कोण भरडला जाईल, पगारदार, शेतमजूर की पेन्शनर, हे सांगायला अभ्यास लागतो. "इतके तर कोणालाही कळते" या वाक्याच्या पुढे एक पाऊल जिथे पडते, तिथे अर्थशास्त्राचा उंबरठा आहे. तो ओलांडायला काय काय लागते, याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

आपला समाज पिढ्यान् पिढ्या व्यापारात आहे. त्यामुळे आपल्या घरांत एक गैरसमज अगदी सहजपणे होतो, तो असा की वाणिज्य आणि अर्थशास्त्र ही एकाच विद्येची दोन नावे आहेत. सराफ बाजारातील किंवा रविवार कारंजावरील एखाद्या पेढीवर रोजमेळ लिहिला जातो, खतावणी होते, वर्षअखेरीस नफा-तोटा कळतो. ती विद्या थोर आहे. तिच्यावर आपली घरे उभी राहिली. परंतु त्या विद्येचा प्रश्न "माझ्या पेढीचे काय झाले?" हा आहे. एकाच दिवशी सगळ्याच पेढ्यांवरचे गिऱ्हाईक का आटले, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वहीत असते. दुसऱ्याचे उत्तर कोणा एकाच्या वहीत नसते. ते हजारो वह्या एकत्र पाहिल्यावर दिसू लागते, आणि हजारो वह्या एकत्र पाहण्याची रीत शिकणे म्हणजे अर्थशास्त्र शिकणे होय. म्हणून, "आमचा मुलगा दुकानात लहानपणापासून बसतो, त्याला अर्थशास्त्र अवघड जाणार नाही," असे जे पालक मला सांगतात, त्यांचे म्हणणे मला निम्मे पटते. बाजार पाहिलेला असणे हे मोठे भांडवल आहे. पण तेवढ्यावर भागत नाही.

आता या विद्येचा आणि आपल्या जिल्ह्याचा जो संबंध आहे, तो आधी सांगतो. कारण येथील मुलांना तो ठाऊक नसतो याचे मला नेहमी वाईट वाटते. भारतीय अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी आपल्या निफाडला झाला. पुढे १८७८ साली न्यायखात्यातील नोकरीत त्यांची बदली नाशिकलाच झाली होती. रानड्यांची पात्रता काय होती? मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. १८६२ साली बी. ए., १८६६ साली एल्एल. बी. त्या काळी अर्थशास्त्राचे आजच्यासारखे स्वतंत्र शिक्षण नव्हते. कोर्टाचे काम सांभाळून त्यांनी इंग्रजी, जर्मन, अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचे विचार अभ्यासले, आणि १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन असे प्रतिपादन केले की, इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम भारताला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. आधी आपला देश पाहा, मग नियम लावा.

दुसरे नाव प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचे. त्यांचा जन्म १९०१ साली नाशिकचा. केंब्रिजला त्यांनी भारतातील औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला, तो १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली तिचे ते पहिले संचालक, आणि १९६६ पर्यंत ते त्या पदावर होते. केंब्रिजचा हा पदवीधर पुण्यास आल्यावर प्रथम काय करतो? पुण्यात फळे कोठून येतात, कोणाच्या हातून जातात, आडत्या किती घेतो आणि बागायतदाराच्या पदरात किती पडते, याची पाहणी करतो. ती पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. मग पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते राहिले, त्याचे अध्यक्षही झाले, आणि १९६७ ते १९७१ या काळात ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्राने योजनांसाठी किती साहाय्य द्यावे याचे जे सूत्र १९६९ साली ठरले, ते "गाडगीळ सूत्र" म्हणूनच ओळखले गेले.

आणखी एक नाव घेतल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे आणि येवल्याच्या १९३५ च्या घोषणेमुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव नाशिक जिल्ह्याशी कायमचे जोडले गेले आहे. पण ते आधी अर्थशास्त्रज्ञ होते, हे अनेक सुशिक्षितांनाही सांगावे लागते. १९१२ साली मुंबई विद्यापीठाची अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांतील बी. ए., १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए., १९२१ साली लंडनची एम्. एस्सी., १९२३ साली तेथीलच डी. एस्सी. आणि १९२७ साली कोलंबियाची पीएच. डी. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ चा. त्या पिढीत औपचारिक पात्रतेच्या दृष्टीने त्यांच्या तोडीचा अर्थशास्त्रज्ञ या देशात क्वचितच होता, आणि ती पात्रता त्यांनी कोणत्या हालअपेष्टांतून मिळविली हे आपण जाणता. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेपुढे बोलताना हेही सांगावेसे वाटते की, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती नसती तर कोलंबिया घडले नसते.

ही तीन उदाहरणे मी केवळ अभिमानापोटी दिली नाहीत. रानडे यांना पदवीविना विद्या मिळविता आली. गाडगीळ-आंबेडकरांच्या काळात पदवी आवश्यक झाली. आज पदवी तर हवीच, पण कोणत्या विषयांच्या आधारावर ती मिळविली हेही पाहिले जाते. काळ असा पुढे सरकला आहे.

आता प्रत्यक्ष पात्रतेकडे येतो. विश्वस्तांनी हे नीट लिहून घ्यावे, कारण अर्जांवर निर्णय घेताना उपयोगी पडेल.

महाविद्यालयात अध्यापन करावयाचे असेल तर अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी, आणि त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरील नेट किंवा आपल्या राज्याची सेट ही परीक्षा. सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पीएच. डी. असल्यास अर्थातच अधिक चांगले. संशोधन संस्थांत तर तिच्याशिवाय फार वर जाता येत नाही.

केंद्र सरकारची भारतीय आर्थिक सेवा १९६१ साली स्थापन झाली. केंद्रीय लोकसेवा आयोग तिच्यासाठी वेगळी परीक्षा घेतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. सर्वांचे डोळे कलेक्टर होण्याकडे! या परीक्षेला अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांपैकी एका विषयातील पदव्युत्तर पदवी लागते आणि वय २१ ते ३० च्या दरम्यान असावे लागते. राखीव प्रवर्गांना नियमांप्रमाणे सवलत आहे. लेखी परीक्षा एक हजार गुणांची, मुलाखत दोनशे गुणांची. गेल्या काही वर्षांतील जागा पाहिल्या तर त्या बहुधा दहा ते पंचवीस यांच्या दरम्यान निघाल्या. संपूर्ण देशातून! तेव्हा या एकाच वाटेवर सर्वस्व लावू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

रिझर्व्ह बँकेत आर्थिक व धोरण संशोधन विभागात अधिकारी म्हणून थेट भरती होते. तेथेही अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के गुण. त्याच बँकेच्या सांख्यिकी विभागात संख्याशास्त्राच्या पदव्युत्तरांना वाव आहे. आपल्या राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी" विधिमंडळात येते, ती याच कार्यालयाची. त्याच्या जिल्हा कार्यालयांतून जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन निघते. नाशिक जिल्ह्याचे समालोचन आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले आहे? ते एकदा जरूर पाहा. याखेरीज बँका, विमा कंपन्या, सल्लागार संस्था, वृत्तपत्रे, सामाजिक संस्था अशा अनेक ठिकाणी अर्थशास्त्राचा पदवीधर लागतो. तेथे पदवीबरोबर संगणकावर आकडेवारी हाताळता येते का, हेही पाहिले जाते. एक्सेल तर गृहीतच धरलेले असते. स्टाटा, आर, पायथन यांपैकी एखादे अवगत असावे लागते.

हे सारे ऐकून आपल्याला वाटेल की म्हणजे एम. ए. केले की झाले. मलाही एके काळी तसेच वाटत होते, आणि त्या वाटण्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली. ती हकिगत मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

फार वर्षांपूर्वी निफाडकडच्या एका खेड्यातील एक मुलगी दहावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन माझ्याकडे विचारायला आली. वडील बरोबर होते. तिला अर्थशास्त्र शिकायचे होते. कला शाखेत गणित घेता येईल का, असे तिनेच विचारले होते. मी तिला म्हणालो, "अगं, अर्थशास्त्राला गणित कशाला? उगाच टक्केवारी कमी होईल. त्याऐवजी दुसरा सोपा विषय घे." वडिलांना माझे म्हणणे पटले, कारण मी प्राध्यापक होतो. मुलगी बारावीला पहिली आली, बी. ए. ला अर्थशास्त्रात पहिली आली. मग एका नामवंत संशोधन संस्थेच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला बसली. परीक्षेहून परतल्यावर ती घरी न जाता माझ्याकडे आली आणि तिने प्रश्नपत्रिका माझ्यापुढे ठेवली. तीत कलन होते, संभाव्यता होती, सारणी होत्या. अर्थशास्त्र म्हणून तिने तीन वर्षे जे पाठ केले होते, ते त्या कागदावर जवळजवळ कोठेही नव्हते. ती रडली नाही. "सर, यातले चिन्हसुद्धा ओळखीचे नाही," एवढेच म्हणाली. पुढे तिने येथूनच एम. ए. केले, बी. एड. केले, आज ती एका कनिष्ठ महाविद्यालयात उत्तम शिक्षिका आहे. ती समाधानी आहे, मलाही तिचा अभिमान आहे. परंतु ती वाट तिने निवडलेली नव्हती. दहावीच्या सुट्टीत, माझ्या घरी, पाच मिनिटांत मी ती निवडली होती.

पालकहो, अर्थशास्त्राचे दार एम. ए. नंतर नव्हे, अकरावीत उघडते किंवा बंद होते. आणि बंद होताना त्याचा आवाज होत नाही. वाणिज्य शाखेत आपली मुले "गणित व संख्याशास्त्र" किंवा "चिटणिसाची कार्यपद्धती", ज्याला मुले एस. पी. म्हणतात, यांपैकी एक निवडतात, आणि गुण मिळतात म्हणून पुष्कळ जण एस. पी. कडे वळतात. त्यावेळी कोणीही त्यांना सांगत नाही की, दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचे गणित अनिवार्य आहे, की भारतीय सांख्यिकी संस्थेच्या परिमाणात्मक अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेत गणिताला स्वतंत्र स्थान आहे, की रिझर्व्ह बँकेने १९८७ साली मुंबईत स्थापन केलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा गणिताविना देता येण्यासारखी नाही, की आय. आय. टी. च्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे आणि त्यातही गणित व संख्याशास्त्र येते. आर्थिक सेवेच्या परीक्षेतील सामान्य अर्थशास्त्राच्या पहिल्याच प्रश्नपत्रिकेत गणिती व संख्याशास्त्रीय पद्धतींचा स्वतंत्र भाग आहे. नेटच्या अभ्यासक्रमात अर्थमिती आहे. कला शाखेतही गणित हा विषय घेता येतो. पण अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत तो शिकविणारे कोणी नसते, ही वेगळी व्यथा.

"पण गणित का?" असे कोणी विचारील. गुण मिळविण्याची ही एक नवी कसरत आहे काय? नाही. मी आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेतो. लासलगावची बाजारपेठ निफाड तालुक्यात, म्हणजे रानड्यांच्या जन्मगावच्याच तालुक्यात आहे. कांद्याचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी कोसळतो, हे आपण जन्मभर पाहत आलो. कारणही सर्वांना ठाऊक आहे: भाव चढला की पुढच्या हंगामात शेतकरी लागवड वाढवतो, सगळ्यांनीच वाढवली की आवक वाढते आणि भाव पडतो, पडला की लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. येथवर गणित लागले नाही. पण हा झोका हळूहळू शांत होईल की वर्षागणिक वाढत जाईल? हे शब्दांनी सांगता येत नाही.

आता दोन गोष्टी मोजू. भाव एक रुपयाने वाढला तर शेतकरी पुढच्या वर्षी माल किती वाढवतो, ही पहिली. बाजारात माल एका मापाने वाढला तर भाव किती पडतो, ही दुसरी. या दोहोंचा गुणाकार करा. समजा, तो ०.८ आला. म्हणजे यंदा भाव नेहमीपेक्षा क्विंटलला ५०० रुपयांनी चढा असेल, तर पुढच्या वर्षी तो ४०० रुपयांनी खाली, त्याच्या पुढच्या वर्षी ३२० ने वर, मग २५६ ने खाली. झोका शांत होत चालला. आता समजा, तो गुणाकार १.२ आला. ५०० वर, मग ६०० खाली, ७२० वर, ८६४ खाली. शेतकरी तोच, बाजार तोच, नियम तोच. एकच्या अलीकडे की पलीकडे एवढ्या फरकाने एका तालुक्याचे भवितव्य पालटते. हे आकडे मी समजावून सांगण्यासाठी कल्पिलेले आहेत. खरा कांदा याहून गुंतागुंतीचा. पोळ, रांगडा, उन्हाळ असे त्याचे तीन हंगाम, उन्हाळ कांदा चाळीत साठवता येतो, बाकीचा फार टिकत नाही. प्रत्येक बाबीगणिक समीकरणात एक भर पडते.

आणि तो गुणाकार पुस्तकात छापलेला नसतो. तो बाजार समितीच्या आवक व भावाच्या नोंदींतून काढावा लागतो. तेथे खरी अडचण सुरू होते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये बंदी उठवली पण शुल्क ठेवले, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते शुल्कही काढले. या काळात भाव पडले ते बंदीमुळे किती आणि आवक वाढल्यामुळे किती? शेतकरी म्हणतो सगळे बंदीमुळे; दिल्लीतला अधिकारी म्हणतो बरेचसे आवकेमुळे. कोण किती खरे, हे वेगळे करून दाखविणारी जी विद्या, तिला अर्थमिती म्हणतात. ती संख्याशास्त्राशिवाय येत नाही, आणि संख्याशास्त्र गणिताशिवाय येत नाही. ज्याला ती येते त्याच्या शब्दाला दिल्लीच्या बैठकीत वजन असते. आपल्या जिल्ह्यातून असे किती जण त्या बैठकीत बसले आहेत, याचा विचार केला की मला ती मुलगी आठवते. कांद्याच्या चाळी तिच्या घराच्या अंगणात होत्या.

दांडेकरांचे नाव या संदर्भात अवश्य घ्यावे लागेल. प्रा. वि. म. दांडेकर शिक्षणाने संख्याशास्त्रज्ञ. गोखले संस्थेत आले आणि डॉ. नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर त्यांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे देशातील किती माणसे पोटभर अन्नालाही मोताद आहेत हा प्रश्न भावनेच्या पातळीवरून मोजमापाच्या पातळीवर आला. करुणा सर्वांच्याच मनात होती. मोजणे दांडेकरांना येत होते.

गणिताची भीती आपल्या समाजाने बाळगावी, याचे मला विशेष नवल वाटते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य नावाच्या जैन पंडिताने "गणितसारसंग्रह" हा ग्रंथ लिहिला. त्यात व्याजाची, मुद्दल आणि मुदतीची, भागीदारीतील वाटणीची उदाहरणे आहेत. ज्या घरांत हा वारसा आहे, त्या घरांतून "आमच्या मुलीला गणित झेपणार नाही" हे वाक्य ऐकू येते, तेव्हा मला हसावे की रडावे हे समजत नाही. आणि हे वाक्य मुलांपेक्षा मुलींच्या बाबतीत अधिक ऐकू येते, हेही स्पष्टच सांगतो.

भाषेविषयी थोडे. इंग्रजी वाचता व लिहिता आली पाहिजे, यात शंका नाही. संदर्भग्रंथ, परीक्षा, अहवाल सारे त्याच भाषेत आहेत. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी खचून जाऊ नये. मराठी अर्थशास्त्र परिषद आहे, तिचे "अर्थसंवाद" हे नियतकालिक आहे. विषय आधी मराठीत समजून घ्यावा आणि मग इंग्रजीत वाचावा, हा मार्ग मी अनेकांना दिला आहे आणि तो फुकट गेलेला नाही. शेतकऱ्याला, हमालाला, आडत्याला प्रश्न विचारायचे तर ते मराठीतच विचारावे लागतात. गाडगीळांच्या संस्थेने पाहण्या केल्या त्या लोकांच्या दारात जाऊन.

ज्यांनी गणित आधीच सोडले आहे त्यांचे काय? त्यांच्यासाठी वाट आहे, मात्र ती लांबची आहे. बारावीनंतर किंवा पदवीच्या काळात अकरावी-बारावीचे गणित स्वतंत्रपणे शिकावे लागते. फलन, सीमा, विकलन, सारणी, संभाव्यता एवढे तरी. नेटाने अभ्यास केला तर दीड-दोन वर्षांत ते होते, असा माझा अनुभव आहे. मुद्दाम सांगतो, सहा महिन्यांत होते असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

आता शेवटी त्या तीन अर्जांविषयी. विश्वस्तांनी ते मला वाचायला दिले होते. तिन्ही विद्यार्थी हुशार आहेत; तिघांनाही साहाय्य द्यावे अशी माझी नम्र शिफारस आहे. मात्र तिघांपैकी दोघांच्या बारावीच्या गुणपत्रिकेत गणित नाही. त्यांना केवळ महाविद्यालयाची फी देऊन भागणार नाही. साहाय्याच्या रकमेत गणिताच्या शिकवणीचीही तरतूद असावी. यापुढे ट्रस्टने दहावीच्या निकालानंतर लगेच, अकरावीचे विषय भरण्यापूर्वी, पालकांची एक सभा घ्यावी. गुणगौरव समारंभ विषय ठरून गेल्यावर होतो; तेव्हा माझ्यासारख्याने कितीही सांगितले तरी उशीर झालेला असतो.

त्या दोघांच्या शिकवणीचे म्हणाल, तर त्यासाठी ट्रस्टला खर्च करावा लागणार नाही. मी निवृत्त आहे, प्रकृती बरी आहे. येत्या रविवारपासून सकाळी आठ वाजता ट्रस्टच्या वसतिगृहातील अभ्यासिका मला दोन तास मिळावी, एवढीच विनंती. फळा आहे, खडू मी आणीन. मुलांनी अकरावीचे गणिताचे पुस्तक आणि दोनशे पानी वही बरोबर आणावी. दोघांखेरीज आणखी कोणी येणार असेल तर आनंदच आहे. मुलींनी जरूर यावे. निफाडच्या त्या शिक्षिकेलाही मी कळविले आहे. तीही येणार आहे, शिकवायला नव्हे, शिकायला. आता कशाला, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, माझ्या वर्गातल्या मुली मला विचारतात, गणित घेऊ का."